हलिमाचा देश

फोन युसुफचा होता, हॉस्पिटलमधून. "हलिमा गेली," एवढंच म्हणाला. एके काळी ज्या बहिणीचं नाव निघालं तरी तो विषय बदलायचा, आज तिच्या नावानेच त्याने सुरुवात केली.

मुलांनो, तुम्हाला ती भातावर केळं वाढणारी शेजारीण म्हणून आठवत असेल. इथे विलायतेत, स्टॅनमोरला ती आमच्या शेजारी आली, त्याआधी तिचं हर्गेसा शहर सोमालियाच्याच सरकारच्या विमानांनी उद्ध्वस्त केलं होतं. पुढे यादवी पेटलेली असतानाच तिकडच्या वडीलधाऱ्यांनी बैठक घालून ठरवलं, सोमालियातून बाहेर पडायचं. नवा देश, सोमालीलँड. जगातल्या बहुतेक देशांनी तो अजून मानलेला नाही. मीही पहिल्या भेटीत म्हणून गेले, "म्हणजे सोमालियाच ना?" हलिमाने किटली खाली ठेवली. त्या दिवशी मला अर्धाच कप चहा मिळाला.

युसुफला तो निर्णय कधी पटला नाही. त्याची बायको फादुमा सोमालियाच्या राजधानीची, मोगादिशूची, म्हणजे एका ठरावाने परकी झालेली. दोघं आली की हलिमा विचारायची, "परदेशी पाहुण्यांना व्हिसा मिळाला वाटतं?" तो म्हणायचा, "तुझा देश नकाशात दाखव, मग बोलू." फादुमा अंगातला कोट न काढताच बसायची. हळूहळू येणंच थांबलं.

मग हलिमाचं दुखणं निघालं. यंदा संक्रांतीला तिळगूळ घेऊन गेले, तर युसुफ आणि फादुमा आलेली, फादुमा कोटातच. मी रीतीप्रमाणे प्रत्येकाच्या हातावर लाडू ठेवला, गोड बोला म्हणजे काय ते सांगितलं. हलिमाने लाडू तसाच धरला.

"म्हणजे मी हार मानायची?"

"नाही गं. भांडण राहू दे. बोलणं तेवढं सोडू नकोस."

तिने आपला लाडू फादुमाच्या हातावर ठेवला. "देश वेगळाच राहील," ती युसुफला म्हणाली. आणि फादुमाला, "तू कोट काढ. घरची आहेस तू."

फादुमा शेवटपर्यंत तिच्याजवळच राहिली. भरवणं, केस विंचरणं, सगळं तिने केलं. युसुफ आला की भावंडं देशावरून कडाकडा भांडत. मला पलीकडून ऐकू येई, आणि बरं वाटे.

गेल्या आठवड्यात गेले, तर युसुफ तिची खोली आवरत होता. कपडे, औषधं खोक्यांत गेली होती. पलंगासमोर सोमालीलँडचा झेंडा तेवढा उरला होता. हाही काढणार का, मी विचारलं. झेंड्याचा एक कोपरा सुटला होता. युसुफने तो सरळ करून टाचणी खोचली.

"मला मान्य नाही," तो म्हणाला. "पण खोली तिची आहे."