शेवटचं बटण

देवरीच्या बसस्टँडजवळच्या सायबर कॅफेचे मालक कुणाचंही शेवटचं बटण स्वतःच दाबत. फॉर्म भरणारा थबकला की मागून त्यांचा हात येई. "भेतेस कायले? लाईट जाऊन राहिली!"

मी तिथे बसून एका मोफत सॉफ्टवेअरचं मराठी भाषांतर करायचो. आधी माझं काम इतर लोक तपासून सॉफ्टवेअरमध्ये घेत. त्या आठवड्यात मला थेट बदल करण्याचा हक्क मिळाला. घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. माझ्या चुकीने सगळ्यांचं काम अडलं तर? पुन्हा तपासत होतो, तोच त्यांचा हात आला आणि एंटर दाबलं गेलं.

"काका, ते जगभर गेलं!" मी ओरडलो.

"मंग? जायलेच होतं ना?"

दुसऱ्या दिवशी कळलं, माझ्या एका ओळीमुळे सॉफ्टवेअर सुरूच होत नव्हतं. कुणा परदेशी माणसाने ती दुरुस्त करून खाली लिहिलं होतं, 'स्वागत. पुढच्या वेळी आधी चालवून पाहा.' मी ते काकांना वाचून दाखवलं. ते वाकून स्क्रीनकडे पाहू लागले.

"म्हणजे तिकडं माणूस बसून राहते?"

आता त्यांचा हात येतो, पण कीबोर्डावर थांबतो. "दाबू का, बाबू?"