माझ्या शब्दावर पुढे गेलेला

एकाहत्तरची लढाई संपून तीन महिने झाले होते. आमची इंजिनिअर कंपनी पंजाबच्या सीमेवर होती. लढाईत आपणच पेरलेले माईन, म्हणजे सुरुंग, काढायचे आणि जमीन शेतकऱ्यांना परत द्यायची, हे काम. मी नाईक शमुवेल आवळे, साताऱ्याचा. एका सेक्शनचा कमांडर.

सकाळी सातला काम सुरू व्हायचं. पोटावर पडून जमिनीत लोखंडी सळई तिरपी खुपसत पुढे सरकायचं. तिला प्रॉडर म्हणतात. तपासलेल्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना पांढरी टेप लावायची. तो पट्टा म्हणजे लेन. दुपारी एकला काम बंद, कारण थकलेला हात चुकतो.

कंपनीत ख्रिस्ती मी एकटा. कोणाचं भांडण झालं आणि खरं काय ते ठरेना, की सुभेदारसाहेब म्हणायचे, "आवळेला विचारा." मला ते आवडायचं. वडील पत्रात लिहायचे, "तू चुकलास तर लोक शमुवेल चुकला म्हणणार नाहीत. ख्रिस्ताची माणसं अशीच, म्हणतील." पत्र वाचून मी घडी घालून ठेवायचो.

त्या दिवशी अकरा वाजून वीस मिनिटांनी माझी लेन संपत आली. शेवटचे चार हात जमीन कडक होती, प्रॉडर आत जाईना. माईन शोधणारा डिटेक्टर आधी फिरला होता, काही वाजलं नव्हतं. मी टेप शेवटपर्यंत लावून टाकली.

वायरलेसवर कॅप्टनसाहेब होते. वायरलेसवर माझ्या सेक्शनचं नाव 'वन'. "वन, लेन क्लिअर? ओव्हर."

"लेन क्लिअर. ओव्हर."

दुसऱ्या कोणाला त्यांनी जागा पुन्हा बघायला लावली असती. मला लावली नाही.

माझ्या सेक्शनचा सॅपर, म्हणजे इंजिनिअर जवान, मारुती जाधव टेपच्या खुंट्या घेऊन पुढे गेला. पलूसचा, वय बावीस. शेवटच्या टप्प्यात स्फोट झाला. मी त्याला उचलून आणलं.

"उस्ताद, मी टेपच्या आतच हुतो न्हवं?"

"व्हय," मी म्हणालो.

अकरा पन्नासला ॲम्ब्युलन्समध्ये त्यानं प्राण सोडला.

स्फोटानं टेप उडाली होती. जाधव लेनबाहेर गेला असावा, असं सगळे धरून चालले. कोणीतरी गावीही तसंच कळवलं. कोर्ट ऑफ इन्क्वायरीच्या, म्हणजे लष्करी चौकशीच्या, आदल्या संध्याकाळी सुभेदारसाहेब माझ्या तंबूत आले. ते खटावकडचे.

"आवळे, जाधव लेनबाहेर गेला, आसं तू बोललास की झालं. तुझा शब्द साहेब उलटून विचारत न्हाईत."

"म्हणूनच तर, साहेब."

"गेलेला परत येतोय व्हय रं?"

"न्हाई."

ते उठून गेले. मी प्रार्थनेला गुडघे टेकले. नाव चांगलं असलं की माणसं आपल्याला तपासायचं सोडतात. मग ते काम आपलंच असतं. मी ते केलं नव्हतं, एवढंच देवाला सांगितलं.

सकाळी नऊला साक्ष दिली. "शेवटचे चार हात मी तपासले नव्हते. जाधव लेनच्या आत होता." माझी एक फीत गेली, लान्स नाईक झालो. जाधवचा दोष नाही, असं कागदावर आलं.

मे महिन्यात रजा मिळाली. घरी जायच्या आधी पलूसला उतरलो. मारुतीचे वडील, आप्पा, उसाला पाणी पाजत होते. मी सगळं सांगितलं. ते बांधावर खाली बसले.

"लोक म्हणायचे, पोरगं हूड हुतं, गेलं आसंल भलतीकडं."

"न्हाई, आप्पा. चूक माझी."

"तुमी आवळे न्हवं? मारुती पत्रात लिवायचा, आमचा नाईक खोटं बोलत न्हाई." ते उठले. "चला, भाकरी खा. आन् ह्ये त्याच्या आईलाबी तुमीच सांगा."

मी सांगितलं. त्या माउलीनं वाढलेली भाकरी मी खाल्ली.

साताऱ्याच्या आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, दर वर्षअखेरीच्या उपासनेत आजवरच्या मृतांची नावं वाचतात. त्या वर्षी मी मारुतीचं नाव द्यायला गेलो.

एक वडीलधारे म्हणाले, "तो आपल्या मंडळीतला नव्हता."

"माझ्या शब्दावर गेला," मी म्हणालो.

पाळकांनी वही पुढे ओढली आणि नाव लिहून घेतलं.

मी आप्पांना पत्रानं कळवलं होतं. पुढच्या वर्षी ते स्वतः आले. पलूसहून पहाटेच्या एस.टी.नं. फेटा बांधून शेवटच्या बाकावर बसले. पाळकांनी वाचलं, "सॅपर मारुती जाधव, पलूस."

आप्पा उभे राहिले. त्यांच्यामागोमाग सगळी मंडळी उभी राहिली.