माश्यांची केळी

सदर बाजारातल्या कोपऱ्यावर हातगाडी लावणाऱ्या मावशीकडून मी दर सोमवारी काळी पडलेली केळी घेते. प्रयोगशाळेतल्या फळमाश्यांसाठी. चांगल्या फण्यांकडे माझा हात गेला की ती तो ओल्या फडक्यानं बाजूला सारते. "थे माणसायसाठी आहे."

पिशवी न्यायला मी हमखास विसरते. "माश्यायची आठवण तपासते अन् सोता पिशवी इसरते," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

एकदा मी ऐटीत समजावलं, "एका वासासोबत माशीला विजेचा बारीक झटका देतो. साधी माशी पुन्हा तिकडे फिरकत नाही. आम्ही जनुक बदललेली माशी मात्र परत जाते, म्हणजे ती विसरते."

"त्याच्या आंधी तिले खायले देते काय वं?"

"नाही."

"मंग इसरली कशावरून? भूक लागली असन."

मी हसले.

पुढच्या सोमवारी अतिक्रमणवाल्यांनी माझ्यादेखत तिची गाडी उचलून नेली. मंगळवारी ती त्याच कोपऱ्यावर, जमिनीवर टोपली मांडून बसली होती. मी बघतच राहिले.

"काय पाहून राहिली? मी काही इसरली नाही," ती म्हणाली.

प्रयोग मी पहिल्यापासून लावला. या वेळी माश्यांना आधी जेवू घातलं.