विहिरीचे दोन लाख

महालक्ष्मीची जत्रा संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सरावलीच्या आमच्या चिकूच्या वाडीचा एक्कावन्न हजार बयाणा घेतला. हजर आम्ही नवरा-बायको आणि तो. बांधापलीकडच्या दादाला मी बोलावलं नाही.

तो मुंबईचा बिल्डर. चिकू सोलायचा, निम्मा समोरच्याच्या हातावर ठेवायचा आणि मगच बोलायचा.

"विहीर आम्हा दोघा भावांची आहे," मी म्हणालो. "दादाला विचारायला हवं."

"विचारलं ना, काका! त्यांनी हक्क सोडला. दोघांना एका खोलीत बसवलं की उगाच भांडणं होतात."

विहिरीचे दोन लाख मला एकट्याला वेगळे मिळाले. दादानेही आपली वाडी त्यालाच विकली आणि माझ्याशी बोलणं टाकलं. सहा वर्षं झाली.

पुढे तो खासदार झाला. परवा बातम्यांत दिसला. सीमेवरून भांडणाऱ्या दोन देशांत समेट करायला आपला दूत म्हणून गेला होता. संत्रं सोलून निम्मं परक्या मंत्र्याला देत म्हणाला, "दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत भेटतोय. पलीकडच्यांनी दावा सोडलाय."

मी टीव्ही बंद केला. तसाच डहाणूत राहायला गेलेल्या दादाच्या दारात गेलो.

"दादा, विहिरीचा हक्क तू सोडलास?"

"मी? मला न विचारता तूच आधी सोडलास, असं तो म्हणाला. मग मीही सही केली."

"आणि पैसे?"

"धाकटा फुकट सोडतोय म्हटल्यावर मी मागू? तुला काय मिळालं?"

संध्याकाळपर्यंत विहिरीचे एक लाख रुपये मी दादाला दिले.