आत निघालेला नारळ

तुमसरला आमच्या शेजारी राहणारा एक गृहस्थ न मागता सल्ला देतो, तोही गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल असा. ‘मी सांगून राहिलो ना भाऊ!’ एवढं म्हटलं की त्याच्या लेखी विषय संपला.

गेल्या हिवाळ्यात आमची दोन्ही कुटुंबं पुरीला गेली. समुद्र सगळेच पहिल्यांदा पाहत होतो. दोन्हीकडे लाटा फुटत होत्या, मधला एक पट्टा मात्र शांत होता. आम्ही तळ्यात पोहलेली माणसं. शांत पाणी म्हणजे बिनधोक, हे डोक्यात पक्कं. ‘वहिनी, इकडे या, इथं लाटच नाही!’ म्हणत त्यानं माझ्या बायकोला तिथं गुडघाभर पाण्यात उभं केलं आणि समुद्राला नारळ वाहिला.

इतरांचे नारळ लाटांबरोबर काठाला परत येत होते. आमचा सरळ आत निघाला. ते आधी मी पाहिलं, पण हसतील म्हणून गप्प राहिलो. हे आज पहिल्यांदा सांगतोय.

तो मात्र ओरडला, ‘अरे, हे पाणी आत ओढून राहिलं! मीच गधा आहो, निघा!’ तोवर बायकोचे पाय वाळूवरून सुटले होते. त्यानं तिचा दंड धरला आणि काठाला समांतर, लाटा फुटत होत्या तिकडे ओढत नेलं. एका लाटेनं दोघांना वाळूवर आणून टाकलं.

‘मी सांगतो ना वहिनी,’ तो खोकत म्हणाला, ‘लाट असन तिथंच न्हायचं!’

‘आणि मघाशी लाट नाही तिथं या म्हणून कोण सांगत होतं, भाऊजी?’

‘तेबी मीच!’ म्हणत तोच आधी हसला.