नकार आणायला गेलेला सुहास

पाहुण्यानं कप ओठाला लावल्याशिवाय स्वतः चहा पीत नसे. भाषांतर करण्याआधी चष्मा पुसायचा, स्वच्छ असला तरी. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे नाही, हातांकडे बघायचा. पोह्यांवर शेव दोनदा मागायचा. कुणी इंग्रजीचं कौतुक केलं की म्हणायचा, "रेडिओची कृपा."

सुहास पागनीस. माझा मित्र. एकोणतिसाव्या वर्षी गेला. हे वाक्य लिहिता येतं, याचंच मला आश्चर्य वाटतं.

बाजार खुला झाला तसं फ्रीगंजच्या भय्यासाहेबांनी भैरवगढचं छापील कापड जर्मनीला पाठवायला सुरुवात केली. सुहास त्यांच्याकडे नोकरीला होता. तिकडून खरेदीला केलरबाई यायच्या. समोर गफ्फारचाचा, पिढीजात छपाईवाले. मध्ये सुहास. मी एम.ए. करून रिकामा होतो, म्हणून तो मलाही बैठकीला नेऊन बसवायचा.

"हा लाल वाईट आहे," केलरबाई इंग्रजीत सरळ म्हणायच्या.

सुहास चष्मा पुसायचा. "चाचा, मॅडम को लाल थोड़ा और गहरा चाहिए."

त्या जूनमध्ये बाईंनी ऑगस्टअखेर चादरी मागितल्या. ऑर्डर मोठी होती. चाचांची दोन्ही मुलं शेजारी बसली होती. ती पिथमपूरच्या कारखान्यात जायला निघाली होती. ही ऑर्डर टिकली तरच घरच्या धंद्यात राहणार होती.

पावसाळ्यात क्षिप्रा नदी गढूळ असते. छापलेलं कापड धुणार कुठे, वाळणार कसं? चाचांनी बाईंच्या ताटलीत आणखी एक कचोरी ठेवली. म्हणाले, "आप इतनी दूर से आई हैं. हो जाएगा."

सुहासनं ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. बाईंनी समाधानानं मान हलवली.

टावर चौकात आल्यावर मी सुहासला म्हणालो, "झालं की काम."

"कसलं काम? साफ नाही म्हणाले ते."

"मी पण तिथंच होतो. हो म्हणाले."

"पाहुणीला तोंडावर नाही म्हणायची त्यांच्यात रीत नाही, बाबा. पोरांसमोर तर नाहीच."

"मग तू का नाही सांगितलंस बाईंना?"

"चार लोकांत चाचांना खोटं पाडू? उद्या सकाळी घरी जातो, खरी तारीख घेतो, मग बाईंना फोन. दर वेळी असंच करतो. दिवाळीनंतरची मागितली तरी बाईंना मनवतो मी."

"म्हणजे तू दुभाष्या नाहीस. दलाल आहेस."

"आई पण तेच म्हणते. वर म्हणते, दलालाला मुलगी कोण देणार!"

दुसऱ्या दिवशी सकाळी भैरवगढच्या रस्त्यावर ट्रकनं त्याची स्कूटर उडवली. चाचांच्या घरापर्यंत तो पोचलाच नाही.

सुहासचे दिवस झाल्यावर मी भय्यासाहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी चाचांना ऑफिसात बोलावलं. "ऑगस्ट में हो जाएगा ना, चाचा?"

चाचा हात जोडून उभे होते. इतक्या मोठ्या माणसाला, इतक्या वर्षांच्या मालकाला, ते काय म्हणणार?

"हो जाएगा, भय्यासाहेब."

"बघ," भय्यासाहेब मला म्हणाले. "तू उगाच घाबरवतोस."

हा प्रश्न सुहासनं असा विचारला नसता. तो चाचांकडे ओट्यावर बसला असता, पावसाच्या, नदीच्या गप्पा मारल्या असत्या आणि तारीख आपोआप बाहेर आली असती. मी हातांकडे बघत होतो. चाचांचे जोडलेले हात सुटत नव्हते. पण त्या हातांचं भाषांतर ऐकायला तिथं कुणी तयार नव्हतं.

ऑगस्ट संपला. चादरी निम्म्याही झाल्या नाहीत, आणि झाल्या त्यांचा रंग फिका आला. केलरबाईंनी ऑर्डर रद्द केली. फोनवर त्या भय्यासाहेबांना म्हणाल्या, "जूनमध्ये मला नाही म्हणाला असतात, तर मी थांबले असते."

मुलं पिथमपूरला गेली.

मी चाचांना भेटायला गेलो. ते एकटेच ओट्यावर बसले होते. त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं. मग म्हणाले, "सुहास भैया कहते थे, चाचा, मेमसाब को ना सुनने में बुरा नहीं लगता. आप खुद बोलना सीखो."

सुहासनं त्यांची शिकवणी सुरू केली होती. तो खाटेवर केलरबाई होऊन बसला, पायावर पाय टाकून, आणि भर पावसाळ्यात माल मागू लागला. चाचांनी त्याच्याकडे बघून "नहीं होगा" म्हणायचं. पहिल्या वेळी त्यांना नुसतं हसू आलं. त्यांनी त्याच्यासाठी चहा मागवला.

दुसरी शिकवणी त्या सकाळी होती.