शैलाचा टाका

शैला गेली त्याला महिना झाला. तिच्या दहाव्याला घाटावर कऱ्हाटीची एक पाहुणी म्हणाली, "डॉक्टरीण चांगली होती, पण हाताला यश नव्हतं. आक्कांची हिरडी न्हाय का पिकली?" ती आक्का म्हणजे मी. ऐकलं, पदर सारखा केला आणि गप्प बसले... या बाबतीत गप्प बसायची मला नऊ वर्षांची सवय आहे. आज ती मोडते.

शैला माझी मामेबहीण. बारामतीत जळोचीच्या बाजूला तिचा दातांचा दवाखाना. माझा खालचा दात पडला तेव्हा पोरं म्हणाली, या वयात नवा दात कशाला? शैला म्हणाली, "चावायचं तिला हाय, तुमचं काय दुखतंय?" हाडात स्क्रू बसवून त्यावर दात, असं काम ती पहिल्यांदाच करणार होती. बिघडलं असतं तर तिच्यापुढं पुन्हा कुणी तोंड उघडलं नसतं.

त्या वेळची मी म्हणजे एक नमुनाच. अंथुर्ण्यात तीस वर्षं ब्लाऊज शिवले, त्यामुळं धाग्यातलं सगळं आपल्यालाच कळतं असा तोरा. तोंड बधिर, तरी हातानं खुणावत होते, आवळ अजून. ती म्हणाली, "आक्का, हिरडी म्हंजे खण न्हाय. आवळली की पांढरी पडती, मग मरती." तिनं काळ्या रेशमानं टाके घातले आणि मिश्री बंद सांगितली.

तिसऱ्या दिवशी मी न्हाणीत लपून ती भाजलेल्या तंबाखूची पूड हिरडीला चोळली. हिरडी सुजली, पू आला. पोरांना घेऊन दवाखाना गाठला आणि वर ठसक्यात म्हणाले, "तुझा धागाच कुजका."

शैलानं तोंडात पाहिलं, वास घेतला आणि पोरांना बाहेर बसवलं. माझ्याच पिशवीतली डबी काढून बशीत मिश्री कालवली. तीन धाग्यांची टोकं त्यात बुडवली, दुसरी टोकं कापसावर ठेवली. थोड्या वेळानं रेशमाखालचा कापूस तपकिरी झाला, बाकीचे दोन कोरे. "रेशीम विणल्यालं असतंय, वातीगत ओढतंय. नायलॉन ओढत न्हाय, पण टोकं गालाला टोचत्यात. हा पांढरा टेफ्लॉनचा, मऊ हाय, ओढत बी न्हाय. फकस्त गाठ निसटती, म्हणून गाठीवर गाठ मारायची." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "तू न्हाय सांगितलंस तरी धागा सांगतोय, आक्का."

जखम धुऊन तिनं पांढऱ्या धाग्यानं पुन्हा शिवली. बाहेर जाऊन पोरांना म्हणाली, "चूक माझी. रेशीम वापरायला नको होतं." मी तिच्या मागंच उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं... बासष्ट वर्षांची बाई, पोरांपुढं मिश्रीचं नाव काढायला लाजले.

स्क्रू टिकला. पुढं तिनं कितीतरी जणांचे दात बसवले, पण पिकलेली हिरडी तिच्या नावाला चिकटली ती चिकटलीच. चिकटवली मी.

आज सकाळी हे थोरल्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "आई, हे छापायचं?"

"व्हय. माझ्या नावासकट."

आणि पाहुणीबाई, शैलाच्या हाताचं यश बघायचं असेल तर अंथुर्ण्याला या. मी उसाचं कांडं त्याच दातानं सोलते. दातानं ऊस सोलू नको, असं शैला दर भेटीत बजावायची. तेवढं मात्र तिचं मी अजूनही ऐकणार नाही.